घरी येणारं पाणी

नागभीड, ११ जुलै

आत्याबाई,

त्या सकाळी मी अंगण सारवून हात धुवत होते. तुम्ही पडवीत जाळं पसरून बसल्या होत्या आणि फाटलेली जागा शिवत होत्या. चुलीवर भात होता. जाळ कमी कर, असं तुम्ही मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी विसरले, कारण लग्नाची हळद अजून उतरली नव्हती आणि अतुल मोहर्लीहून सुट्टीवर आला होता. तो विहिरीवरून अंघोळ करून आला आणि डोकं पुसत म्हणाला, "माय, आमी समुद्र पाहाले जाऊन राह्यलो."

तुम्ही सुई थांबवली नाही. म्हणाल्या, "काऊन? आपला तलाव आटला का?"

"बेट आहे एक. चारी बाजूनं पाणी."

"चारी बाजूनं पाणी त पावसाळ्यात आपल्या घराले बी राह्यते. इथीच बसा दोघं. मी खुशालले घेऊन दुसरीकडे जातो."

खुशालभाऊजी इतके हसले की हातातला चहा सांडला. तेवढ्यात भात करपला. तो करपलेला भात आपण चौघांनी खाल्ला. तुम्ही मला रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "समुद्रावर जाऊन बी असाच जाळशील, तवा तो काय खाईन?"

एवढी एक सकाळ मला रोज आठवते. त्यात काही मोठं नाही. पण त्या दिवशी आपल्या घरात कोणाच्या मनात काही नव्हतं.

फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन ठेवून देता, म्हणून पत्र लिहिते आहे. तुम्हाला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. भाऊजींना मी सांगितलं आहे की वाचून दाखवा, आत्याबाई उठून गेल्या तरी थांबू नका, पडवीपर्यंत ऐकू जाईल असं वाचा. माझंही शिक्षण सातवीपर्यंतच. पुढचं जे काही वाचलं ते ग्रामपंचायतीच्या कपाटातून आणि किराण्याच्या पुड्यांवरून. तेव्हा लिहिण्यात चुका असतील.

अतुल फेब्रुवारीत त्या बेटावर बुडाला. त्याला तिथेच अग्नी द्यावा लागला. अस्थी घेऊन मी परत आले तेव्हा तुम्ही तलावाच्या पाळीवर उभ्या होत्या. मी येते आहे हे कोणीतरी तुम्हाला आधी कळवलं होतं. मी पाया पडायला वाकले तर तुम्ही मागे सरकल्या.

"कोनाची राख आणली?"

मी म्हटलं, "यांची, आत्याबाई."

"ढिवराचा पोट्टा पाण्यात मरते का? चालाच्या आंधी पोहाले लागला तो. घेऊन जाय. ज्याची असन त्याच्या मायले नेऊन दे."

अख्खं गाव ऐकत होतं. माझे बाबा सोबत होते. त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही आल्या बसने नागभीडला परत आलो.

अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून बाबांनी गाडगं पांढऱ्या फडक्यात बांधून परसातल्या कडुनिंबाला टांगलं. ते अजून तिथेच आहे. बाबा म्हणतात, चल पोरी, वैनगंगेवर जाऊ, मी सोडतो. माझी माय म्हणते, असं लटकवून ठेवलं तर त्याचा जीव कुठे जाईल? मी दोघांनाही नाही म्हणते. ज्यांनी त्याला जन्म दिला त्यांनी ही राख त्याची आहे असं म्हटल्याशिवाय मी ती पाण्यात सोडणार नाही. ते चूक असेल तर असो.

मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे. मला घरात घेऊ नका. माझ्याशी बोलू नका. फक्त नदीवर या.

रंजीता


नागभीड, २ सप्टेंबर

आत्याबाई,

भाऊजींचा फोन आला होता. तुम्ही 'राख' शब्दावर उठून गेल्या, पण दाराआड उभ्या राहिल्या आणि पत्र संपल्यावरच तलावावर गेल्या, असं ते म्हणाले. म्हणून पुन्हा लिहिते.

त्यांनी अजून एक सांगितलं. मासेमारी सोसायटीतल्या लोकांना तुम्ही सांगता की अतुल जहाजावर कामाला लागला, मोठ्या पाण्यात फोन लागत नाही. लोक हो म्हणतात. तुमच्यासमोर, बुधराबाईसमोर, नाही कोण म्हणेल? भाऊजींना मात्र रोज हो म्हणावं लागतं. "वहिनी, मलेच कधी कधी खरं वाटते," असं म्हणाले.

गावात म्हणतात की मी त्याला ओढून नेलं. तुम्हीही म्हणता, असं कानावर आलं. म्हणून ते कसं झालं ते लिहिते.

मोहर्लीच्या ज्या रिसॉर्टमध्ये तो खोल्यांचं काम पाहायचा तिथे वाघ पाहायला नवी जोडपी येत. पुण्याची, हैदराबादची. अतुल त्यांच्या बॅगा उचलायचा, अंथरुणावर फुलं मांडायचा. एकदा मला म्हणाला, "लोकं लग्न करून आपलं जंगल पाहाले येतात. मंग आपण लग्न करून कोनाचं काय पाहाव?" पाहुण्यांपैकी एक म्हातारे मास्तर होते, त्यांनी त्याला हे बेट सांगितलं. म्हणाले, तिथे गर्दी नाही, मोठी हॉटेलं नाहीत, गरिबाला परवडेल, आणि दिवसभर काही करावं लागत नाही. हे शेवटचं ऐकून अतुल सगळ्यात जास्त हसला. दिवसभर काही न करणारा माणूस त्याने आपल्या गावात पाहिलाच नव्हता.

मी हो म्हटलं. त्याच्या आधी मीच म्हटलं, हे खरं आहे. मी समुद्र फक्त वाचला होता.

बल्लारशाहून मद्रासची गाडी धरली. तिथून जहाज. खालच्या मजल्यावर, जिथे तिकीट स्वस्त असतं, तिथे आम्हाला झोपायला फळ्या मिळाल्या. पहिल्याच दिवशी अतुलला ओकाऱ्या सुरू झाल्या. मी ठणठणीत. शेजारच्या फळीवरच्या बाईने त्याला विचारलं, काय करतो तुझा बाप? तर हा म्हणाला, मासे मारायचा, वारला. ती बाई हसायला लागली. मग हाही हसला, बादलीवर वाकून. मला म्हणाला, "मायले सांगू नको. ती म्हणन, ढिवराले पाणी लागलं."

आता सांगितलं.

बेट लहान होतं. सुपारीची झाडं, नारळ, एक रस्ता. आम्ही उतरलो ती झोपडी मालतीदी नावाच्या बंगाली बाईची होती. आपल्या मुलचेऱ्याकडे बंगाली निर्वासित आहेत ना, तशीच फार वर्षांपूर्वी बंगालमधून आणून वसवलेली माणसं. पहिल्या सकाळी मला सवयीने जाग आली. काय करावं कळेना. दाराशी खराटा दिसला, तो घेतला आणि झोपडीपुढची वाळू झाडायला लागले. मालतीदी धावत आली. "हनीमून में झाड़ू?" म्हणाली आणि माझ्या हातातून खराटा ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी मी परत झाडताना सापडले. मग तिने खराटा लपवून ठेवला.

दोन नारळांच्या मध्ये जाळ्याची झोळी बांधली होती, आडवं पडायला. अतुल त्यात पडला आणि पहिल्यांदा काय म्हणाला असेल? "याची गाठ चुकली आहे. मायनं पाहिलं त सोडून परत बांधीन." मग उठून त्याने खरंच ती सोडली आणि परत बांधली. मग आम्ही दोघं त्यात आलटून पालटून पडलो. त्याला झोप लागायची. मी त्याच्याकडे पाहत बसायचे. आपल्या घरी मी त्याला एकदाही उजेडात झोपलेला पाहिला नव्हता.

आम्ही काही करत नव्हतो. चहा प्यायचो. किनाऱ्याने चालायचो. त्याने वाळूत तुमचं, भाऊजींचं आणि माझं नाव लिहिलं, माझ्या नावात वेलांटी चुकवली, मी ती सुधारली, मग त्याने मुद्दाम परत चुकवली. एवढंच. आत्याबाई, मी तिथे फार सुखात होते. हे तुम्हाला लिहू की नको असा पुष्कळ विचार केला. पण तोही सुखात होता, आणि हे तुम्हाला सांगू शकेल असं माझ्याशिवाय कोणी नाही.

तुमचा फोन लागला होता तो दिवस आठवतो? तुम्ही विचारलं, "तिथची मासळी कशी आहे?"

"मोहरीत घालतात, माय."

"मंग वाया घालवतात," तुम्ही म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या दिवशी जेवताना तो प्रत्येक घासाला म्हणत होता, वाया घालवली, वाया घालवली, आणि ताट पुसून खात होता.

तो तुमचा त्याच्याशी शेवटचा फोन.

राख अजून कडुनिंबालाच आहे. पावसात फडकं काळं पडलं, ते मी बदललं.

रंजीता


नागभीड, १४ नोव्हेंबर

आत्याबाई,

दिवाळीच्या आधी भाऊजींनी तुमचा निरोप दिला. तुम्ही स्वतःहून विचारलेली ही पहिली गोष्ट. "तिले विचार, पोहता येत होतं त बुडला कसा?"

उत्तर द्यायला इतके दिवस लावले. दोनदा लिहून फाडलं. तुम्हाला वाटेल, बाई खोटं जुळवत बसली आहे. तसं नाही. जे झालं ते सांगायचं तर त्यात तुम्ही येता, म्हणून हात अडत होता. लोकांना मी एवढंच सांगत आले की तो अंघोळीला गेला आणि लाटेने ओढला. गावाने तेच ऐकलं, तुम्हीही तेच ऐकलं, आणि तुम्हाला ते पटलं नाही. तुमचं बरोबर होतं. तो अंघोळ करताना बुडाला नाही.

भाऊजी, इथून पुढे हळू वाचा.

बेटाच्या मागच्या बाजूला किनारा उथळ आहे. सकाळी आम्ही तिथे गेलो तेव्हा पाणी होतं. जेवून परत गेलो तर पाणी नव्हतं. कुठे गेलं कळेना. जिथे लाटा होत्या तिथे खडक, शेवाळ आणि ओली वाळू, पार दूरपर्यंत. आणि मध्ये मध्ये डबरे. त्या डबऱ्यांत मासळी अडकलेली होती. चकचकीत, निळी, पिवळी, आणि खाण्याजोगी मोठीही.

अतुल उभा राहून पाहत राहिला. मग मला म्हणाला, "रंजीता, तलाव उतरला!"

मे महिन्यात आपला तलाव उतरतो तेव्हा काय होतं ते मला तुम्ही सांगायची गरज नाही. मी लग्नानंतर अजून तो तसा पाहिलाही नव्हता, पण अतुलने मला इतक्या वेळा सांगितलं होतं की पाहिल्यासारखंच होतं. सगळा गाव आत उतरतो, टोपल्या, पाट्या, लुगडी, हातात येईल ते घेऊन. लहानपणी तो काठावरच्या डबऱ्यात चाचपडत बसायचा तेव्हा तुम्ही पाळीवरून ओरडायच्या, "काठावर काय भिकाऱ्यासारका बसला! आत जाय, पार आत. मोठी मासळी शेवटच्या डबऱ्यात राह्यते." हे त्याने मला तिथे त्या खडकांवर उभं राहून सांगितलं, तुमच्या आवाजात, कमरेवर हात ठेवून. मी हसून हसून खाली बसले.

मालतीदी तिकडून बकऱ्या घेऊन चालली होती. ती ओरडली, "ज़्यादा दूर मत जाना, पानी वापस आएगा."

अतुलने तिला हात हलवून हो म्हटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पाणी काय गाय आहे का, सांजच्याले घरी याले?"

आम्ही दोघंही हसलो. आत्याबाई, आपल्याकडे उतरलेलं पाणी येतं कधी? पाऊस पडला तर. धरण सोडलं तर. आभाळ स्वच्छ होतं. मी पुस्तकात भरती-ओहोटी हे शब्द वाचले होते. मला वाटायचं, लाट थोडी वर येते, थोडी खाली जाते, त्यालाच म्हणत असतील. सगळं पाणी उठून जातं आणि सगळं परत येतं, हे कोणी कशाला मानेल?

काठाला लागून एक खोलगट पट्टा होता. त्यात घोट्याएवढं पाणी होतं. तो ओलांडून आम्ही आत गेलो. माझा पाय खडकावर कापला, म्हणून मी परत काठावर येऊन बसले. अतुल पुढे गेला. त्याने गमच्या कमरेला बांधून ओटी केली होती आणि हाताने मासळी धरून त्यात टाकत होता. एका डबऱ्यातून दुसऱ्या. दर वेळी अजून आत. पार टोकाला, जिथे लाटा फुटत होत्या, तिथपर्यंत. मला तो केवढासा दिसत होता, पण चालण्यावरून कळत होतं की खूश आहे.

पाणी समोरून आलं असतं तर त्याला दिसलं असतं. ते मागून आलं. आधी तो खोलगट पट्टा भरला, माझ्या आणि त्याच्या मधला. मी पाय धूत होते, तर पाणी गुडघ्याला लागलं. मी उठून हाक मारली. त्याने वळून हात वर केला. ओरडला, "एवढी एक धरतो, आलोच!"

वाकला. धरली असावी, कारण मग ओटीत हात घातला. तेव्हा त्यालाही दिसलं. तो पळत आला. पट्ट्यापाशी आला तेव्हा तिथे उभं राहण्यासारखं पाणी राहिलं नव्हतं. त्याने उडी घेतली, आपल्या तलावात घेतो तशी, आणि सरळ माझ्याकडे पोहायला लागला. तो चांगलाच पोहत होता, आत्याबाई. तुम्ही म्हणता तसाच. पण तलावाचं पाणी उभं असतं. तिथे सरळ पोहलं की काठ येतो. ते पाणी आडवं पळत होतं. तो हात माझ्याकडे मारत होता आणि जात होता बाजूला. तो माझ्याकडे पाहत होता. खडकाच्या टोकापलीकडे गेला आणि मग मला दिसला नाही.

मी ओरडत किनाऱ्याने धावले. मालतीदीच्या नवऱ्याने होडी काढली. अजून माणसं आली. सापडला दुसऱ्या दिवशी, बेटाच्या पलीकडच्या अंगाला.

घरी का आणलं नाही, असं तुम्ही म्हणाल. बोट, मग जहाज, मग गाडी. तिथली माणसं म्हणाली, बेटी, तोपर्यंत राहणार नाही. खुशालभाऊजींना फोन लावला होता, तेव्हा ते नुसते रडत होते. तुम्हाला फोन द्या म्हटलं, तर तुम्ही घेतला नाही. मग मीच अग्नी दिला. बाईने द्यायचा नसतो. पण तिथे त्याचं म्हणावं असं माझ्याशिवाय कोणीच नव्हतं.

त्याला धुतलं तेव्हा गमच्या कमरेलाच होता. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, मालतीदीला सुटेना. मी सोडली. आत मासळी होती.

हे सगळं असं आहे. यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

तुम्ही त्याला जे शिकवलं त्याचा बोल मी तुम्हाला लावते आहे असं समजू नका. म्हणूनच मी इतके दिवस हे सांगत नव्हते. पण तुम्ही विचारलं, आणि तुम्ही त्याची माय आहात.

रंजीता


नागभीड, ९ डिसेंबर

आत्याबाई,

परवा नदीवर आपलं फारसं बोलणं झालं नाही. जाताना एक वाक्य तुम्ही बोलल्या आणि त्याचं उत्तर मला तिथे सुचलं नाही. म्हणून हे पत्र.

भाऊजींनी मला आधी फोनवर सांगितलं होतं. मागचं पत्र वाचून झाल्यावर तुम्ही पाळीवर जाऊन बसल्या. जेवायला आल्या नाहीत. मग परत येऊन म्हणाल्या, "ते डबऱ्याचं पुन्हा वाच." त्यांनी वाचलं. "एवढी एक धरतो, आलोच" इथे तुम्ही त्यांना हाताने थांबवलं. म्हणाल्या, "हा माझाच आहे." आणि मग रडल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, असं भाऊजी म्हणाले. त्या दिवशी सोसायटीत जाऊन तुम्ही स्वतःच सांगून आल्या की अतुल गेला.

तुम्ही मोटरसायकलच्या मागे बसून घाटावर आल्या तेव्हा मी तुम्हाला ओळखलं नाही. तुम्ही इतक्या वाळल्या असाल असं वाटलं नव्हतं. बाबांच्या हातातून तुम्ही गाडगं घेतलं, पदराखाली धरलं आणि मला एवढंच विचारलं, "गमच्यात किती होत्या?"

मी म्हटलं, "दोन."

"मोठ्या?"

"एक मोठी होती."

तुम्ही मान हलवली. भाऊजींनी मुंडण केलं. घाटावरची एक म्हातारी माझ्या बांगड्या फोडायला दगड घेऊन पुढे आली, तर तुम्ही तिला म्हणाल्या, "राहू द्या वो. काच फुटून का होते? जे फुटाचं ते फुटलं." त्या बाईला राग आला. मला मात्र तुमच्याकडे पाहता आलं नाही.

मग तुम्ही पाण्यात उतरल्या, कमरेपर्यंत. भाऊजी धरायला आले, त्यांचा हात तुम्ही झटकला. गाडगं पाण्यावर आडवं केलं आणि सगळं जाईपर्यंत तसंच धरून ठेवलं. बाहेर आल्या आणि माझ्या बाजूने जाताना, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मीच धाडलं त्याले आत."

एवढं बोलून तुम्ही गाडीवर जाऊन बसल्या.

आत्याबाई, तुम्ही त्याला तलाव शिकवला. तुम्हाला जेवढं पाणी माहीत होतं तेवढं सगळं तुम्ही त्याला दिलं, काही मागे ठेवलं नाही. माझे सासरे गेल्यावर दोन पोरं त्याच पाण्यावर तुम्ही वाढवली. काठावरच्या डबऱ्यात बसलेल्या पोराला आत जा म्हणणारी माय नसती तर तुमच्या घरात चूल पेटली नसती. ते दुसरं पाणी तुम्हाला माहीत नव्हतं, मला नव्हतं, त्यालाही नव्हतं. मालतीदीला माहीत होतं आणि तिने सांगितलंही. आम्हाला ते गमतीचं वाटलं, कारण आम्ही इथले होतो. यात तुमचं काय आणि माझं काय, ते मी पुष्कळ वेळा वेगळं करून पाहिलं. होत नाही.

आणि एक सांगते, जे आधीच्या पत्रात नव्हतं. झोळीत पडून पडून चौथ्या दिवशी तो कंटाळला होता. मला तसं दाखवत नव्हता, पण हात रिकामे आहेत म्हणून बोटं मोडत बसायचा. मला वाटलं होतं की हा आता घरी जाऊ म्हणणार. मग ते डबरे दिसले. त्यानंतर तो जसा हसत होता तसा मी त्याला त्या सगळ्या दिवसांत पाहिला नव्हता. माझ्यासोबत तो सुखात होता हे खरं, पण त्या डबऱ्यांत तो घरी होता. हे लिहायला मला सोपं नाही. तुमच्यासाठी लिहिलं.

तुम्ही मला घरी चल म्हणाल्या नाहीत. मीही त्यासाठी आले नव्हते. मे महिन्यात तलाव उतरेल तेव्हा माणसं कमी पडली तर निरोप पाठवा. नाही पाठवला तरी माझ्या मनात काही येणार नाही.

नदीवरून आल्यावर माझ्या मायने घर धुतलं, अंगणात शेण शिंपडलं. फेब्रुवारीपासून आमच्या घरचं सुतक सुटलं नव्हतं. निदान मी ते सोडलं नव्हतं. घरच्यांनी वाट पाहून पाहून मासळी खाणं सुरू केलं होतं. माझ्यासाठी वरण-भात वेगळा काढून ठेवत. त्या दिवशी कोणी मला काही खा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले, मरळ घेतली, घरी आणून साफ केली, रांधली आणि जेवले.

रंजीता